पेट्रोल नेमकं कुठे अडतंय? जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवर हात बसवणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. तिच्यासोबत नाक्यानाक्यावरचं एक ज्ञानही आटत चाललंय. पूर्वी नुसत्या झटक्यांवरून ‘पेट्रोल चढत नाहीये, पंप बघा’ असं सांगणारा माणूस टॅक्सी स्टँडजवळ हमखास सापडायचा. आज वडिलांची पद्मिनी किंवा हौसेने घेतलेली जुनी मारुती ८०० गॅरेजमध्ये नेली, की बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर मिळतं: कार्ब्युरेटर उतरवून साफ करू. तो उतरतो, साफ होतो, परत बसतो, आणि गाडी दुसऱ्या दिवशी त्याच चढावर थांबते. कारण दोष टाकीच्या झाकणात होता.

म्हणून या लेखात सगळा भर निदानावर आहे. पेट्रोल कुठपर्यंत पोचतंय हे आधी ठरवायचं, पाना त्यानंतर उचलायचा. कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळलात तर निम्म्या वेळा कार्ब्युरेटरला हातही लावावा लागणार नाही.

उदाहरणाला कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घेतो: फियाट ११०० च्या घराण्यातली, १०८९ सीसीची. तुमच्याकडे दुसरी गाडी असेल तरी पद्धत तीच राहते.

पेट्रोलचा रस्ता

टाकी मागे. तिथून धातूची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते, शेवटी रबरी नळीचा तुकडा, वाटेत फिल्टर, मग इंजिनाच्या बाजूला बोल्टने बसवलेला मेकॅनिकल पंप. दुकानात तो ‘एसी पंप’ म्हणून मागितला की लगेच कळतं. पंपातून नळी कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे जाते. या पंपाला वीज लागत नाही. कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाचा दांडा ढकलतो, दांडा डायफ्राम (लवचीक पडदा) ओढतो आणि टाकीतलं पेट्रोल खेचलं जातं. मग स्प्रिंग डायफ्रामला परत ढकलते आणि तेच पेट्रोल पुढे जातं. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी साठवण, म्हणजे फ्लोट चेंबर, भरलं की त्यातला तरंगता फ्लोट वर येऊन निडलने (सुईसारख्या व्हॉल्व्हने) तोंड बंद करतो.

म्हणजे पंपाच्या अलीकडचा रस्ता ओढीचा आणि पलीकडचा दाबाचा. नवशिक्याने सर्वात आधी हेच डोक्यात पक्कं करावं. दाबाच्या बाजूला गळती असेल तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, डाग दिसतो. ओढीच्या बाजूला बारीक भेग असेल तर बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळं प्यायला गेलं की होतं तसंच. नळी वरून कोरडी ठणठणीत, क्लिप जागच्या जागी, आणि इंजिन मात्र पेट्रोलविना तडफडतंय.

काम सुरू करण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर किंवा देवघराच्या खोलीलगतच्या पोर्चमध्ये हे काम करू नका. गाडी उघड्यावर घ्या, इंजिन गार होऊ द्या. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा; पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय अजूनही दिसते. ती पूर्ण सोडा. फुप्फुसात गेलेलं थोडंसं पेट्रोलही माणसाला दवाखान्यात पोचवतं.

पेट्रोलची नळी सुटी असताना सेल्फ मारायचा असेल तर आधी कॉइलची बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे ठिणगी पडणारच नाही. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

दोष पेट्रोलचाच आहे ना?

चालत्या गाडीचं इंजिन कुणी चावी फिरवल्यासारखं एकदम बंद पडलं, तर संशय इग्निशनवर घ्या. आधी पिकअप गेला, मग झटके आले, दोन-तीन आचके देऊन बंद पडली, तर पेट्रोलवर. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. खराब होत चाललेला कंडेन्सर (हा इग्निशनचा भाग) तापला की गाडी थांबवतो, निवला की चालू करतो, आणि सगळे दोष पंपाला देतात.

खात्रीची चाचणी मिनिटभराची आहे. गाडी बंद पडल्या पडल्या, इंजिन न फिरवता, एअर क्लीनर काढा. कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटलचा दांडा हाताने झटकन उघडा. चेहरा बाजूलाच ठेवा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या (कार्ब्युरेटरमधलाच छोटा पंप, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल उडवणारा) बारीक नळीतून पेट्रोलची धार उडताना दिसली, तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. मग इग्निशनचे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बघा. दोन-तीनदा उघडूनही काहीच उडालं नाही, तर चेंबर रिकामं असण्याची शक्यता मोठी. कधी कधी अ‍ॅक्सिलरेटर पंपाचाच डायफ्राम गेलेला असतो, म्हणून शंका राहिली तर प्लग काढून बघा. सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी पडत नाहीये.

आणखी एक पडताळा: कार्ब्युरेटरच्या इनलेटची नळी काढून त्या तोंडातून सिरिंजने वीस-तीस मिली पेट्रोल चेंबरमध्ये सोडा, सांडलेलं पुसा, नळी परत बसवा आणि गाडी चालू करा. नीट चालू झाली आणि थोड्या वेळात पुन्हा मेली, तर कार्ब्युरेटर आपलं काम करतोय, त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. कार्ब्युरेटरच्या उघड्या घशात पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याचा जुना प्रकार मात्र करू नका. इंजिनाने उलटा फटका दिला की ज्वाळा वर येते.

रस्त्याच्या मध्यावर उभे राहा

आता नळी पंपाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे कार्ब्युरेटरकडे, सोडवा आणि तिचं टोक पारदर्शक, जाड बाटलीत घाला. कॉइलची वायर काढलेली आहे याची पुन्हा खात्री करा. मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा.

इथे घाई नको, धार नीट बघा. निरोगी पंपाची धार ठोके देत येते, प्रत्येक ठोका भरीव असतो. पहिले काही सेकंद नळी भरण्यात जातात. त्यानंतरही नुसते थेंब पडत असतील, तर पंप किंवा त्याच्या मागचा रस्ता दोषी. धार आहे पण तिच्यात फेसासारखे बुडबुडे सतत येतायत, तर ओढीच्या बाजूला हवा शिरतेय. धार जोरदार, स्वच्छ, सलग असेल, तर टाकी, नळ्या, फिल्टर, पंप हे सगळे निदान या क्षणी तरी निर्दोष आहेत आणि तुम्ही कार्ब्युरेटरकडे जायला मोकळे आहात. आकडाच हवा असेल तर अशा लहान इंजिनांच्या पंपांचा दाब साधारण २ ते ४ पीएसआय असतो आणि मंद चालत्या इंजिनावर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल निघालं पाहिजे.

बाटली लगेच ओतून देऊ नका. पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवून उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब हलताना दिसले तर पाणी आहे. तपकिरी बारीक भुकटी बसली तर टाकी आतून गंजतेय. जुन्या वार्निशसारखा उग्र, आंबूस वास आला तर पेट्रोल शिळं आहे आणि बाकी काही शोधण्याआधी टाकी रिकामी करायची आहे.

धार कमजोर आली तर पुढची चाचणी, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सर्वात मोलाची. पंपाकडे येणारी टाकीची नळी काढा, तिचं तोंड बंद करा. नवीन रबरी नळीचा तुकडा पंपाच्या इनलेटला लावून त्याचं दुसरं टोक स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये बुडवा. कॅन जमिनीवर, एक्झॉस्टपासून लांब, कलंडणार नाही असा. पुन्हा बाटलीत धार बघा. आता धार भरीव आली, तर पंप चांगला आहे आणि दोष मागे आहे. अजूनही थेंबच, तर पंप. एवढ्या एका चाचणीने कितीतरी चांगले पंप उगाच बदलले जाण्यापासून वाचतात.

दोष मागे निघाला तर

सुरुवात टाकीच्या झाकणापासून, कारण त्याला खर्च शून्य. पेट्रोल उपसलं जाताना त्याची जागा घ्यायला टाकीत हवा यावी लागते. ती झाकणाच्या भोकातून किंवा वेगळ्या नळीतून येते. ते भोक बुजलं, किंवा हरवलेल्या झाकणाच्या जागी भलतंच झाकण बसवलं, की टाकीत ओढ तयार होते आणि पंप हरतो. लक्षण ठरलेलं: पंधरा-वीस मिनिटं गाडी मजेत चालते, मग दम तोडते, थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालते. पुढच्या वेळी थांबली की झाकण उघडा. ‘फस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर तुमचं काम झालं.

मग रबरी नळ्या. हाताने दुमडून बघा: पृष्ठभागावर भेगा दिसल्या, नळी लाकडासारखी कडक किंवा चिकट मऊ लागली, तर चर्चा न करता बदला. कधी कधी नळी बाहेरून ठीक असते पण आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. कमी ओढीला पेट्रोल जाऊ देतो, जास्त ओढीला रस्ता बंद करतो. अशी गाडी गावात शहाण्यासारखी चालते आणि हायवेला साठच्या पुढे झटके देते. नळी पेट्रोलसाठीचीच घ्या, इथेनॉल सोसणारी. पाण्याची पारदर्शक प्लास्टिक नळी तात्पुरतीही नको. उन्हाळ्यात ती मऊ पडून क्लिपमधून निसटते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत असं सामान मिळतं.

फिल्टरवर बाण असतो, तो पेट्रोलच्या प्रवाहाच्या दिशेने. फिल्टर स्वस्त आहे, साफ करत बसू नका. मात्र नवा फिल्टर शे-दोनशे किलोमीटरमध्ये पुन्हा तपकिरी झाला, तर तो तुम्हाला टाकीची अवस्था सांगतोय.

धातूची नळी तुंबली असेल तर पंपाकडचं टोक सोडवा, टाकीचं झाकण उघडा आणि हलक्या दाबाने टाकीच्या दिशेला हवा मारा. टाकीपाशी उभ्या माणसाला बुडबुड्यांचा आवाज आला पाहिजे. हवा मारताना पंप आणि फिल्टर जोडलेला नसावा, नाहीतर डायफ्राम फाटेल. हवा मारल्यावर गाडी आठवडाभर छान चालून पुन्हा तसंच करू लागली, तर टाकीच्या आत, नळीच्या तोंडाशी कचरा पुन्हापुन्हा जमतोय. मग टाकी उतरवण्याला पर्याय नाही. आणि एक: रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते, ती भरल्या टाकीपेक्षा धोक्याची. अशी टाकी वेल्डिंगला नेऊच नका, हे काम रीतसर धुऊन-वाफाळून करणाऱ्या जाणकाराचं आहे.

दोष पंपात निघाला तर

आधी ऑइलची पट्टी काढून हुंगा. डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिनातल्या ऑइलमध्ये उतरू शकतं. पट्टीवर पातळी वाढलेली दिसते, ऑइल पातळ लागतं, पेट्रोलचा वास येतो. असं असेल तर गाडी अजिबात चालवू नका. पंप बदलणं किंवा किट (डायफ्राम वगैरे सुट्या भागांचा संच) टाकणं, आणि ऑइल बदलणं, दोन्ही एकत्रच करायचं. पातळ झालेल्या ऑइलवर काही किलोमीटर चालवलं तरी बेअरिंगचं नुकसान होतं आणि ते पंपाच्या किमतीच्या कैक पट महाग पडतं. काही पंपांच्या पोटाला छोटं भोक असतं, तिथून पेट्रोल ठिबकत असेल तरी अर्थ तोच.

ऑइल ठीक असेल तर पंपाचं वरचं झाकण उघडा. बहुतेक जुन्या पंपांत तिथे बारीक जाळी असते. ती कुणीच साफ केलेली नसते. झाकणाचा वॉशर आक्रसला असेल तर तिथूनही हवा शिरते. बोटाने दाबून तो अजून लवचीक आहे का बघा. इनलेटवर अंगठा ठेवून सेल्फ मारल्यावर ठळक ओढ जाणवली पाहिजे.

पंप बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड इन्सुलेटर आणि पॅकिंग असतं. पॅकिंग जास्त जाड झालं तर दांड्याला कॅमची पूर्ण ढकल मिळत नाही, आणि नवाकोरा पंपही अर्धपोटी चालतो. इन्सुलेटर काढूनच टाकला तर दांडा जास्त दाबला जातो आणि इंजिनाची उष्णता थेट पंपात येते. जे होतं तेवढ्याच जाडीचं परत बसवा.

कंटाळून इलेक्ट्रिक पंप लावण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर त्याचा प्रचंड दाब निडलला उघडं पाडतो आणि पेट्रोल ओसंडतं. कमी दाबाचाच हवा, आणि इंजिन थांबलं की पंपही थांबेल अशी सोय हवी. मला विचाराल तर चांगलं किट टाकलेला मूळ पंप पुरतो.

आता कार्ब्युरेटर

धार चांगली आहे, तरी चेंबरमध्ये पेट्रोल नाही किंवा गाडी नीट चालत नाही. आधी इनलेटच्या जोडणीतली छोटी जाळी बघा. मग लक्षणांवरून जागा ठरवा. आयडलिंगला मरते पण वेगात ठीक, तर पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा). मारुती ८०० मध्ये मात्र आधी चावी फिरवून कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) ‘टिक’ आवाज ऐका, तो नसेल तर आयडलिंग टिकणार नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच क्षणभर गुदमरते आणि मग धावते, तर अ‍ॅक्सिलरेटर पंप. वेगात आणि चढावर दम तोडते, तर मेन जेट, पण वरची बाटलीची चाचणी पास झाली असेल तरच.

जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं. सोलेक्स बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. एवढ्या बारकाईने पाडलेलं भोक तारेने घासलं की आकडा खोटा ठरतो. क्लीनरचा फवारा, हवा, आणि हट्टी कचरा असेल तर नायलॉनचा एखादा केस.

पेट्रोल ओसंडत असेल, काळा धूर आणि वास येत असेल, तर निडलखाली कचरा अडकलाय किंवा फ्लोटला भोक पडलंय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कार्ब्युरेटरवर हलकेच टिचक्या मारून ओसंडणं थांबलं, तर कचराच. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला. सोलेक्समध्ये निडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरची जाडी पेट्रोलची पातळी ठरवते. साफसफाईत तो वॉशर हरवतो, जवळपासचा दुसरा बसवला जातो, आणि ‘साफ केल्यापासून गाडी जास्त पेट्रोल पिते’ ही तक्रार सुरू होते. म्हणून काढलेला वॉशर वाटीत जपून ठेवा.

उन्हाळा, घाट आणि इथेनॉल

मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना किंवा सिग्नलला बराच वेळ उभं राहिल्यावर गाडी बंद पडते, संध्याकाळी तीच गाडी तक्रार करत नाही. नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच दाबत बसतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं बांधायचे, तो उपाय आजही चालतो. पाणी फडक्यावरच घाला. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उडालं तर बीड तडकू शकतं. कायमचा उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा देणं.

याचा दुसरा प्रकार उलटा आहे. गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी चालू करताना त्रास होतो, कारण चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरलेलं असतं. इथे पेट्रोल कमी नसून जास्त झालेलं आहे. अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून तसाच धरा, पंपिंग करू नका, चोक ओढू नका, आणि सेल्फ मारा.

२०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्रास २० टक्के इथेनॉल आहे. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा भेगाळतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवून फिल्टरकडे पाठवतं, आणि पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं हलकंही होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लग सतत पांढुरके दिसत असतील आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तर जाणकाराकडून एक पायरी मोठा मेन जेट लावून बघायला हरकत नाही.

काम झालं की प्रत्येक जोडणी कोरड्या फडक्याने पुसा, इंजिन दहा मिनिटं चालवा आणि त्याच जोडण्या बोटाने पुन्हा तपासा. नव्या रबरी नळीच्या क्लिप दोन दिवसांनी, गरम इंजिन गार झाल्यावर, परत एकदा आवळा. रबर बसकण घेतं आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेली क्लिप तेव्हा ढिली सापडते.